मोफत डिलिव्हरीची हलती रेषा : अमेझॉनच्या किमान खरेदी-अटीचा प्रकरण अभ्यास

ठरावीक रकमेच्या वर खरेदी केल्यास डिलिव्हरीचे शुल्क माफ, ही अट आता ऑनलाइन दुकानांच्या रचनेत इतकी मुरली आहे की ती कोणीतरी विचारपूर्वक आखलेली आहे, याचा ग्राहकाला विसर पडतो. अशी रेषा खरेदीच्या सवयींवर नेमका काय परिणाम करते, हे पाहण्यासाठी एकाच दुकानाने तीच रेषा वेळोवेळी वर-खाली केल्याचे उदाहरण सर्वात उपयोगी ठरते. अमेझॉनच्या अमेरिकेतील संकेतस्थळाने नेमके हेच केले आहे. जानेवारी २००२ मध्ये ९९ डॉलरवर आखलेली ही रेषा त्याच वर्षी आधी ४९ आणि मग २५ डॉलरवर आली, अकरा वर्षे तिथेच राहिली, २०१३ मध्ये ३५ वर आणि २०१६ मध्ये ४९ वर गेली, आणि २०१७ मध्ये अवघ्या काही महिन्यांत पुन्हा ३५ व २५ वर उतरली.

या प्रवासातून निघणारे माझे प्रतिपादन असे : ग्राहकाला एका ऑर्डरमध्ये चार पैसे जास्त खर्च करायला लावणे, हा या अटीचा सर्वात दृश्य परिणाम असला, तरी तो सर्वात मोठा परिणाम नाही. खरेदी केव्हा करायची, कोणाच्या मालातून करायची आणि दुकानाशी नाते कोणत्या स्वरूपाचे ठेवायचे, या तीन बाबतींत तिने लावलेले वळण अधिक खोल आहे.

रेषा आखली जाते

२२ जानेवारी २००२ रोजी अमेझॉनने आपल्या इतिहासातला पहिला तिमाही नफा जाहीर केला. २००१ च्या शेवटच्या तिमाहीत झालेला हा नफा सुमारे ५० लाख डॉलर, म्हणजे प्रत्येक समभागामागे एक सेंट, इतका तुटपुंजा होता. आणि त्याच दिवशी कंपनीने ९९ डॉलरच्या वरच्या ऑर्डरी मोफत पोचवण्याची योजना कायमस्वरूपी सुरू केल्याचे सांगितले. नफ्याचे तोंड नुकतेच दिसत असताना खर्च वाढवणारी घोषणा करणे वरवर विसंगत वाटते, पण पार्सलचे अर्थशास्त्र लक्षात घेतले की ती विसंगती उरत नाही.

एखादी ऑर्डर गोदामातून उचलणे, खोक्यात भरणे, तिच्यावर पत्ता चिकटवणे आणि ती दारापर्यंत पोचवणे, यांचा खर्च ऑर्डरच्या किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. दहा डॉलरच्या एका पुस्तकाला आणि साठ डॉलरच्या चार पुस्तकांना खोके एकच लागते, दारापर्यंतची फेरीही एकच होते. मात्र दुसऱ्या ऑर्डरीवरचा नफा पहिलीच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे कोणत्या ऑर्डरी दुकानाला परवडतात आणि कोणत्या परवडत नाहीत, यांच्यामध्ये कुठेतरी सीमा असतेच. मोफत डिलिव्हरीची अट ती सीमा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आणते आणि परवडणाऱ्या बाजूला येण्यासाठी त्याला बक्षीस देते.

योजनेला दुसरीही एक अट होती आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मोफत पाठवल्या जाणाऱ्या ऑर्डरीला नेहमीपेक्षा काही दिवस अधिक लागत. विमान कंपन्या घाईच्या व्यावसायिक प्रवाशाला आणि सवडीने फिरणाऱ्या पर्यटकाला एकाच विमानात वेगवेगळे भाडे आकारतात, त्यामागे जो विचार असतो तोच इथेही होता : ज्याला वस्तू लवकर हवी त्याने पैसे द्यावेत, ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने वेळ द्यावा. गोदामालाही याचा फायदा होता, कारण सवडीच्या ऑर्डरी कामाचा ताण कमी असलेल्या वेळी हातावेगळ्या करता येत आणि एकाच ऑर्डरीतल्या वस्तू एका खोक्यात जमवता येत. म्हणजे सुरुवातीपासूनच ग्राहकाकडून रक्कम आणि धीर अशा दोन गोष्टी मागितल्या गेल्या होत्या, आणि पुढच्या वीस वर्षांचा इतिहास मुख्यतः दुसऱ्या मागणीभोवती फिरतो.

त्याच वर्षी जूनमध्ये रेषा ४९ डॉलरवर आणि ऑगस्टमध्ये २५ डॉलरवर आणली गेली. ९९ डॉलर म्हणजे त्या काळातल्या पुस्तक-सीडी खरेदीदारासाठी वर्षात एखाद-दुसऱ्या वेळी गाठली जाणारी रक्कम. २५ डॉलर म्हणजे दोन पुस्तके. दोन पुस्तकांची अट एका पुस्तकासाठी आलेल्या माणसाला आवाक्यातली वाटते आणि म्हणूनच ती त्याला हलवू शकते. २००३ मध्ये कंपनीने दूरचित्रवाणीवरच्या सर्वसाधारण जाहिराती थांबवून तो पैसा कमी किमती आणि मोफत डिलिव्हरीकडे वळवला, यावरून या सवलतीकडे ती ग्राहक मिळवण्याचे साधन म्हणूनच पाहत होती, हे स्पष्ट होते.

बिलातली खाच

या अटीची सगळी करामत एका साध्या आकडेमोडीत दडलेली आहे, म्हणून तिथे थोडे थांबणे आवश्यक आहे. समजा, रेषा ३५ डॉलरवर आहे आणि तिच्याखालच्या ऑर्डरीला ६ डॉलर डिलिव्हरी शुल्क लागते. कार्टमध्ये ३१ डॉलरचा माल असेल, तर बिल ३७ डॉलरचे होते. त्यात ४ डॉलरची कुठलीही वस्तू टाकली, तर बिल ३५ डॉलर होते. वस्तू एक वाढली आणि बिल २ डॉलरने उतरले. २९ डॉलरपासून ३५ डॉलरपर्यंतचा हा पट्टा बिलाच्या आलेखात एखाद्या खाचेसारखा असतो. तिथे थांबणारा ग्राहक कमी माल घेऊन जास्त पैसे देतो, आणि भर घालण्याजोगी वस्तू सापडत असताना तिथे थांबण्याचे काहीही कारण नसते. या पट्ट्यात भर घालणाऱ्या ग्राहकाला उधळ्या म्हणणे अन्यायाचे आहे.

आता कार्टमध्ये २२ डॉलरचा माल आहे असे धरू. बिल २८ डॉलर. रेषा गाठण्यासाठी १३ डॉलरची वस्तू घ्यावी लागेल आणि बिल ३५ डॉलर होईल, म्हणजे ती १३ डॉलरची वस्तू प्रत्यक्षात ७ डॉलरला पडली. ती वस्तू ७ डॉलरला घेण्याइतकी हवी असेल तर सौदा चांगला. नसेल तर ६ डॉलर वाचवण्यासाठी ७ डॉलर खिशातून गेले. आणि कार्टमध्ये १२ डॉलरचाच माल असेल, तर २३ डॉलरची भर घालून बिल १८ वरून ३५ वर, जवळजवळ दुप्पट होते.

या तिन्ही प्रसंगी पडद्यावर दिसणारा संदेश मात्र एकच असतो : आणखी इतक्या डॉलरची खरेदी करा आणि डिलिव्हरी मोफत मिळवा. तिन्ही ग्राहक ऑर्डर पूर्ण करताना डिलिव्हरीचे ६ डॉलर वाचले, असेच मनाशी म्हणतात. पहिल्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, दुसऱ्याचे अर्धवट खरे आहे आणि तिसऱ्याच्या बाबतीत आवळा देऊन कोहळा काढला गेला आहे. दुकानाला तिघांमधला फरक दाखवून देण्यात काहीच रस नसतो, आणि ग्राहकही तो सहसा पाहत नाही, कारण त्याची नजर एकूण बिलाऐवजी रेषेपर्यंत उरलेल्या अंतरावर खिळलेली असते.

अंतरावर नजर का खिळते, याचे उत्तर मानसशास्त्राने बरेच आधी दिले आहे. ध्येय जवळ येत जाते तसा ते गाठण्याचा प्रयत्न वेग घेतो, हे क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून मांडले होते. रॅन किवेट्झ, ओलेग उर्मिन्स्की आणि युहुआंग झेंग यांनी २००६ मध्ये हेच ग्राहकांच्या बाबतीत दाखवले : दहा शिक्क्यांनंतर एक कॉफी मोफत देणाऱ्या कार्डावर, शेवट जवळ आला की दोन खरेदींमधले अंतर कमी होत जाते. त्याच अभ्यासात, दहा रिकाम्या चौकटींचे कार्ड मिळालेल्यांपेक्षा बारा चौकटींचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले कार्ड मिळालेल्यांनी ते लवकर पूर्ण केले, जरी दोघांनाही खरेदी दहाच वेळा करायची होती. ऑनलाइन कार्टच्या वर सरकणारी हिरवी पट्टी याच तत्त्वावर चालते. ग्राहकाने स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू त्या पट्टीवर आपोआप ‘झालेली प्रगती’ होऊन बसते.

शून्याचे आकर्षण

डिलिव्हरीचे ६ डॉलर आणि वस्तूच्या किमतीतले ६ डॉलर यांत व्यवहारदृष्ट्या काहीच फरक नाही, तरी माणसे पहिल्या सहावर जास्त चिडतात. किमतीच्या बदल्यात वस्तू मिळते. शुल्काच्या बदल्यात काही मिळाले असे वाटत नाही. ऑनलाइन खरेदी अर्धवट सोडण्याच्या कारणांविषयी बेमार्ड इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षे करीत असलेल्या पाहण्यांत डिलिव्हरी, कर आणि इतर शुल्कांमुळे फुगलेले बिल हेच कारण सातत्याने सर्वात वर राहिले आहे.

त्यात शून्य ही किंमत इतर किमतींसारखी वागत नाही. क्रिस्टिना शंपानिए, निना मझार आणि डॅन अॅरिएली यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक उंची चॉकलेट १५ सेंटला आणि एक साधे चॉकलेट १ सेंटला ठेवले होते, तेव्हा घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी उंची चॉकलेट निवडले. दोन्हींची किंमत एकेका सेंटने उतरवली, म्हणजे उंची चॉकलेट १४ सेंटला आणि साधे फुकट, तेव्हा सुमारे ६९ टक्के लोक साध्याकडे वळले. दोन किमतींमधला फरक तसूभरही बदलला नव्हता. डिलिव्हरी शुल्क सहावरून एक डॉलरवर आणणे आणि एकवरून शून्यावर आणणे यांत दुसरी पायरी रकमेने लहान असूनही परिणामाने मोठी का ठरते, ते यावरून कळते.

फ्रान्समधला एक प्रसंग इथे नोंदवण्यासारखा आहे, कारण तिथे शून्याचा प्रश्न थेट कायद्यात गेला. पुस्तकांच्या छोट्या दुकानांचे रक्षण करण्यासाठी २०१४ च्या कायद्याने घरपोच पाठवल्या जाणाऱ्या नव्या पुस्तकांची डिलिव्हरी मोफत देण्यास मनाई केली, तेव्हा अमेझॉनने शुल्क एक सेंट ठेवून कायद्याचे अक्षर पाळले. अखेर ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालच्या पुस्तक-ऑर्डरींना किमान ३ युरो डिलिव्हरी शुल्क लागू झाले. म्हणजे एरवी दुकान आपल्या नफ्यासाठी आखते ती रेषा इथे राज्यसंस्थेने, दुकानाच्या नफ्याविरुद्ध, आखली. आणि तिचा परिणाम दुहेरी होऊ शकतो, हे तिच्या रचनेतच दिसते. एकच पुस्तक हवे असलेला वाचक जवळच्या दुकानाकडे वळेल, हा तिचा हेतू. पण दोन-तीन पुस्तके एकदम मागवण्याची सवय ज्याला आहे, त्याच्यासाठी हीच रेषा मोठ्या ऑर्डरचे निमित्त ठरते.

भरतीचा माल

२५ डॉलरच्या रेषेच्या काळात अमेरिकी ग्राहकांमध्ये एक छोटी उपसंस्कृती उभी राहिली. कार्ट २४ डॉलर ६ सेंटवर अडले असेल, तर नेमकी ९४ सेंटची किंवा तिच्या जवळपासची वस्तू शोधून देणारी स्वतंत्र संकेतस्थळे निघाली. रक्कम टाकायची आणि तेवढ्या किमतीच्या वस्तूंची यादी मिळवायची. खाचेच्या पट्ट्यातल्या ग्राहकाने दाखवलेली ही चलाखी होती आणि तिचा तोटा दुकानाला होता, कारण रेषा आखण्याचा हेतू ऑर्डर भरघोस करणे हा होता, तिला ९४ सेंटचे ठिगळ लावणे हा नव्हता.

दुकानाने यावर शोधलेला उपाय रोचक आहे. एकट्याने पाठवल्यास तोट्यात जाणाऱ्या स्वस्त वस्तूंसाठी अमेझॉनने ‘अॅड-ऑन’ हा वर्ग केला. या वस्तू २५ डॉलरच्या ऑर्डरीसोबतच घेता येत, सुट्या मिळत नसत. विशेष म्हणजे वार्षिक शुल्क भरून किमान रकमेच्या अटीतून सुटलेल्या ‘प्राइम’ सदस्यांनाही ही अट लागू होती. सदस्यांसाठी पुसलेली रेषा अशा रीतीने मागच्या दाराने परत आली. पुढे काही वर्षांनी हा वर्ग बंद झाला, पण पार्सलमागचा ठोक खर्च कोणत्याही योजनेने नाहीसा होत नाही, तो फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, याचा तो चांगला पुरावा आहे.

रेषा गाठण्यासाठी मोजला जाणारा माल कोणता, यालाही महत्त्व होते. अमेझॉन स्वतः विकते किंवा आपल्या गोदामातून पाठवते त्याच वस्तू या रकमेत धरल्या जात. बाहेरचा विक्रेता स्वतः पाठवणार असलेली वस्तू कितीही महाग असली तरी तिने पट्टी पुढे सरकत नसे. त्यामुळे तीच वस्तू दोन विक्रेत्यांकडे असेल, तर रेषेजवळ आलेला ग्राहक किंचित महाग पण ‘धरली जाणारी’ वस्तू निवडे. २००६ पासून बाहेरच्या विक्रेत्यांना आपला माल अमेझॉनच्या गोदामात ठेवून तिच्याकरवी पाठवण्याची सोय मिळाली आणि तो मालही या रकमेत धरला जाऊ लागला. गोदामाचे भाडे भरण्यामागे विक्रेत्यांची इतर कारणेही होती, हे खरे. तरीही ग्राहकाच्या खिशाकडे पाहून आखलेल्या एका अटीने विक्रेत्यांनाही ओढून घ्यावे, ही बाब या विषयावरील चर्चेत फार कमी येते.

थांबलेले कार्ट

भर घालणारा ग्राहक चटकन नजरेत येतो. न दिसणारा, पण दुकानाच्या दृष्टीने जास्त चिंतेचा ग्राहक म्हणजे थांबणारा. त्याला आज १४ डॉलरची एक वस्तू हवी असते. भरतीला काही सुचत नाही आणि शुल्क भरण्याची इच्छा नसते, म्हणून तो ती वस्तू कार्टमध्ये टाकतो आणि संकेतस्थळ बंद करतो. काही दिवसांनी दुसरी गरज निघते, मग तिसरी, आणि रेषा ओलांडली की सगळे एकदम मागवले जाते.

ही सवय ग्राहकाच्या फारच हिताची असते. पार्सले कमी होतात, शुल्क वाचते आणि मधल्या दिवसांत काही गरजा आपोआप विरून जातात. आठवड्यापूर्वी टाकलेली वस्तू ऑर्डर करताना काढून टाकली जाते. ग्राहकाच्या खर्चावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा दुकानाच्याच अटीने निर्माण करावी, यात गंमत आहे. गोदामालाही एकत्र ऑर्डर स्वस्त पडते. पण विक्रीच्या दृष्टीने प्रत्येक थांबलेले कार्ट म्हणजे निसटू शकणारी विक्री असते : ग्राहक दरम्यान बाहेर पडला आणि एखाद्या दुकानातून ती १४ डॉलरची वस्तू हातोहात घेऊन आला, तर ऑनलाइन दुकानाच्या हाती काहीच लागत नाही. खरेदीचा निर्णय आणि खरेदी यांच्यात पडलेले अंतर हे या अटीचे सर्वात मोठे छुपे मूल्य आहे, आणि ते ग्राहकाऐवजी दुकान चुकते करीत असते.

मायकेल लुईस, विशाल सिंग आणि स्कॉट फे यांनी किराणा आणि घरगुती वस्तूंच्या एका ऑनलाइन विक्रेत्याच्या नोंदींवर आधारित जो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष याच दिशेने जातो. मोफत डिलिव्हरी आणि किमान रकमेवर मोफत डिलिव्हरी या दोन्ही योजना विक्री वाढवण्यात अतिशय प्रभावी ठरल्या. मात्र बुडालेले शुल्क आणि काही ग्राहकगटांनी न दिलेला प्रतिसाद हिशेबात धरल्यावर त्या योजना विक्रेत्याला तोट्याच्या ठरल्या. ग्राहक एकसारखे नसतात हा त्यातला कळीचा मुद्दा. जो तसाही मोठी ऑर्डर देणारच होता, त्याला रेषेने विनाकारण शुल्क माफ केले. जो काही केल्या मोठी ऑर्डर देणार नव्हता, तो जागचा हलला नाही. कमाई झाली ती मधल्या गटाकडून, आणि तो गट पुरेसा मोठा नसेल तर योजना स्वतःचाही खर्च भागवत नाही.

मग नुसती रेषा फायद्याची नसताना ती टिकून का राहिली? अमेझॉनच्या बाबतीत याचे उत्तर २००५ मध्ये मिळते.

कुंपण आणि फाटक

फेब्रुवारी २००५ मध्ये प्राइम सदस्यत्व सुरू झाले : वर्षाला ७९ डॉलर भरा आणि पात्र वस्तू कितीही वेळा, कितीही लहान ऑर्डरीत, दोन दिवसांत मोफत मिळवा. कल्पना मूळची कंपनीतल्या एका अभियंत्याची होती. मोफत डिलिव्हरीची रेषा धीर असलेल्यांसाठी आहे, मग घाई असलेल्यांसाठीही काही असावे, असा त्यामागचा विचार होता.

इथून रेषेची भूमिका बदलली. २००२ मध्ये ती ग्राहकाला मोठ्या ऑर्डरकडे नेण्यासाठी होती. २००५ नंतर ती सदस्यत्वाचे मूल्य ठरवणारी तुलना बनली. रेषा जितकी उंच, तितके सदस्य नसणे त्रासाचे आणि ७९ डॉलर तितके वाजवी. सदस्य झालेल्या माणसाच्या सवयी मात्र रेषेने घडवलेल्या सवयींच्या बरोबर उलट असतात. तो थांबत नाही, साठवत नाही, भर घालत नाही. १४ डॉलरची वस्तू आठवली की मागवतो. संध्याकाळी दुसरी आठवली की तीही मागवतो. शुल्क वर्षारंभी भरून झालेले असल्यामुळे प्रत्येक नव्या ऑर्डरीवर डिलिव्हरी त्याला फुकट भासते, आणि भरलेले पैसे ‘वसूल’ करण्याची ओढ त्याला इतर दुकानांकडे पाहू देत नाही. माणूस मनात पैशांची वेगवेगळी खाती ठेवतो, या अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या मानसिक हिशेबाच्या कल्पनेचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

दुकानाने यासाठी मोजलेली किंमत वार्षिक अहवालांत दिसते. अमेझॉनचा डिलिव्हरीवरचा खर्च २०१३ मध्ये सुमारे ६.६ अब्ज डॉलर होता. २०१५ मध्ये तो ११.५ अब्ज, २०१६ मध्ये १६.२ अब्ज आणि २०१७ मध्ये २१.७ अब्ज झाला. यातला मोठा भाग व्यवसायाच्या वाढीचा आहे. पण लहान ऑर्डरी वारंवार आणि तातडीने पाठवण्याचे आश्वासन एकदा दिल्यावर पार्सलमागचा ठोक खर्च कुठेतरी साठतच जाणार, आणि २००२ ची रेषा नेमका तो खर्च टाळण्यासाठी आखली होती, हे विसरता येत नाही.

२०१३ ते २०१७ : रेषेची ओढाताण

ऑक्टोबर २०१३ मध्ये, सणासुदीच्या खरेदीच्या तोंडावर, रेषा २५ वरून ३५ डॉलरवर गेली. पाच महिन्यांनी, मार्च २०१४ मध्ये, प्राइमचे शुल्क ७९ वरून ९९ डॉलर झाले. या क्रमात योगायोगापेक्षा अधिक काही आहे, असे माझे मत आहे : सदस्यत्व महाग करण्याआधी सदस्य नसण्याची गैरसोय वाढवलेली असली, की वाढ पचवणे सोपे जाते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये रेषा ४९ डॉलरवर गेली. पुस्तकांच्या ऑर्डरींना मात्र २५ डॉलरचीच अट ठेवली. आधीच्या आकडेमोडीतला ३१ डॉलरचा ग्राहक पुन्हा डोळ्यांसमोर आणला, तर या बदलाचा अर्थ उलगडतो. रेषा ३५ वर असताना तो खाचेत होता आणि चार डॉलरच्या वस्तूने सुटत होता. ४९ वर त्याला आणखी १८ डॉलरचा माल लागतो, म्हणजे शुल्क वाचवूनही १२ डॉलर वरखर्च. भर घालणे त्याला आता परवडत नाही. त्याच्यापुढे शुल्क भरणे, बराच काळ थांबणे किंवा सदस्य होणे, हेच मार्ग उरतात. इतकी उंच रेषा ऑर्डर वाढवण्यासाठी आखलेली नसते, ती कुंपण म्हणून उभारलेली असते आणि फाटकावर सदस्यत्वाची पावती फाडली जात असते.

कुंपणाची अडचण अशी की पलीकडे दुसरे शेत मोकळे असेल तर माणसे तिकडे जातात. ३१ जानेवारी २०१७ रोजी वॉलमार्टने सदस्यत्वाचा प्रयोग गुंडाळून ३५ डॉलरच्या वरच्या ऑर्डरी दोन दिवसांत मोफत पोचवण्याची घोषणा केली; त्याआधी तिची रेषा ५० डॉलरची होती. तीनच आठवड्यांत अमेझॉनची रेषा ४९ वरून ३५ वर आली आणि मे महिन्यात २५ वर. या दोन उतारांना कंपनीच्या खर्चाचे कारण देता येत नाही, कारण तो तर त्याच वर्षी साडेपाच अब्ज डॉलरने वाढला होता. शेजाऱ्याची रेषा हेच कारण होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, टार्गेट या दुसऱ्या मोठ्या दुकानसाखळीने सणासुदीसाठी किमान रकमेची अट काढल्यावर अमेझॉननेही काही आठवड्यांपुरती ती सर्वांसाठी पूर्ण उठवली.

एरवी रेषा कुठे आखावी याविषयी सल्ला देणारे सरासरी ऑर्डरच्या थोडे वर, असे सूत्र सांगतात. स्वतःच्या नोंदींपुरते ते ठीक आहे. पण ग्राहक दोन दुकाने शेजारी शेजारी उघडून पाहत असेल, तर त्याच्या मनातली रेषा सर्वात उदार दुकानाने आखलेली असते, आणि बाकीच्यांच्या रेषा त्या मानाने उंच किंवा ठेंगण्या ठरतात. सरासरी ऑर्डरचे सूत्र एकट्या दुकानाच्या जगासाठी आहे.

महागाईच्या फूटपट्टीने

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेझॉनने अमेरिकेच्या काही भागांत सदस्य नसलेल्यांसाठी रेषा पुन्हा ३५ डॉलरवर नेऊन पाहिली, तेव्हा ती वाढ म्हणून बातमीत आली. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने मोजले, तर २००२ चे २५ डॉलर २०२३ मध्ये सुमारे ४२ डॉलर होतात. म्हणजे ‘वाढवलेली’ ३५ डॉलरची रेषा खऱ्या मूल्यात २००२ च्या रेषेपेक्षा ठेंगणीच होती. २०१७ मधली २५ डॉलरची रेषा तर २००२ च्या हिशेबाने जेमतेम १८ डॉलरची. ऑगस्ट २००२ नंतरच्या संपूर्ण प्रवासात त्या वेळच्या २५ डॉलरपेक्षा रेषा ठळकपणे वर गेली ती २०१६ च्या त्या एका वर्षापुरती, आणि तिथेच ती टिकली नाही.

सदस्यत्वाचे शुल्क याच फूटपट्टीने मोजले की चित्र उलटे दिसते. २००५ चे ७९ डॉलर महागाईबरोबर वाढले असते, तर २०२२ मध्ये सुमारे ११८ डॉलर झाले असते. प्रत्यक्षात ते २०१४ मध्ये ९९, २०१८ मध्ये ११९ आणि २०२२ मध्ये १३९ डॉलर झाले. त्यात चित्रपट, संगीत आणि अधिक वेगाची भर पडली, हे मान्य. पण रेषा टाळण्याची किंमत रेषेपेक्षा वेगाने वाढली आणि तरीही सदस्यांची संख्या जगभरात २०१८ मध्ये १० कोटींच्या आणि २०२१ मध्ये २० कोटींच्या वर गेल्याचे कंपनीने भागधारकांना कळवले. ६ डॉलरचे डिलिव्हरी शुल्क धरले, तर १३९ डॉलर वसूल होण्यासाठी वर्षाला किमान २४ लहान ऑर्डरी लागतात. पंधरवड्याने एकदा कार्ट भरून रेषा ओलांडणारा ग्राहक तेवढीच खरेदी एक सेंटही न देता घरी आणू शकतो, फक्त त्याला प्रत्येक वेळी काही दिवस थांबावे लागते.